श्यामला सिस्टर आणि गंजातली कढी

हडपसरच्या त्या सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी श्यामला सिस्टरनी मला सात प्रश्न विचारले. घर कुठं, येणार कशी, डबा आणणार की बाहेरचं खाणार, आधी कुठं होतात, तिथली नोकरी का सोडलीत, गरोदर बाईचं पोट तपासण्याआधी हात गरम करून घेता का, आणि हा स्टेथोस्कोप कुणी घेऊन दिला. मी सव्वीस वर्षांची, नुकती शिकून बाहेर पडलेली डॉक्टर. त्या छप्पन्नच्या. सहाव्या प्रश्नाला मी अडखळले.

"चोळून घेत जा, स्वराली मॅडम," त्या म्हणाल्या. "गार हात लागला तर बायका बोलून दाखवत नाहीत. पुढच्या खेपेला येत नाहीत, एवढंच."

त्यांच्या मागं सगळे त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "ही खिडकी उघडी तरी असते," असं त्यांनी एकदा औषधं देणाऱ्या क्लार्कला ऐकवलेलं मी ऐकलं आहे.

राहायला त्या नारायण पेठेत. वडील शाळेत गणित शिकवायचे, दोन्ही भाऊ बँकेत लागले. या घरातली मुलगी नर्स कशी झाली, हे मी त्यांना एकदा बसमध्ये विचारलं. संध्याकाळी स्वारगेटपर्यंत आमची बस एकच असायची. त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असताना शेजारच्या खोलीतली भाडेकरीण अडली होती आणि दवाखान्यातून एक नर्सबाई घरी आल्या होत्या. घरातल्या मोठ्या बायका दाराशी घुटमळत राहिल्या. श्यामला मात्र पाण्याचं पातेलं घेऊन आत गेली आणि दोरा का उकळायचा, नाळ इथंच का कापायची, बाळाला उलटं का धरलं, असं विचारत सुटली. दुसरी कुणी असती तर हाकलून दिलं असतं. त्या नर्सबाई काम करता करता एकेकाचं उत्तर देत गेल्या.

"त्या दिवसापर्यंत मला घरात कुणी पूर्ण उत्तर दिलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "वडिलांना सांगितलं, मला हे शिकायचंय. ते म्हणाले, गणितात पंच्याऐंशी मार्क आहेत तुला. म्हटलं, तिथं वाया जाणार नाहीत."

अकरा वर्षं त्यांनी प्रसूतिगृहात काढली, मग वस्तीतलं काम मागून घेतलं. बुधवारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी, गुरुवारी लसीकरण आणि बाकीचे दिवस खांद्याला पिशवी लावून गल्ल्या पालथ्या घालायच्या. पिशवीत बीपीचं यंत्र, बाळं जोखायचा काटा, गोळ्यांची पाकिटं आणि निळ्या कव्हरची एक डायरी.

हे सगळं दोन हजार बावीस सालातलं. त्या सप्टेंबरमधल्या एका बुधवारी सृष्टी नावाची मुलगी तपासायला आली. चोवीस वर्षांची, पाचवा महिना. मूळची वाशिमकडची. नवरा तेजस पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ. म्हणजे फारच कमी. मी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, चहाबरोबर घेऊ नकोस म्हणून बजावलं, जंतांचं औषधही दिलं. विदर्भातली म्हणून सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करून घेतली, तीही चांगली आली. महिन्यानं पुन्हा रक्त पाहिलं तर सात पॉइंट आठ.

"गोळ्या घेत नाहीये ही," मी सिस्टरना म्हणाले. आम्हा डॉक्टरांना हा निष्कर्ष फार लवकर सुचतो.

"घेतेय."

"ती म्हणाली म्हणून?"

"शी काळी होते का, ते विचारलं. होते म्हणाली. लोह पोटात गेल्याशिवाय ती काळी होत नाही, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नाही."

मी गोळीचा डोस वाढवला आणि पुढचा पेशंट बोलावला. त्याच बुधवारी, रांगेत चार-पाच जणींनंतर, पूनम आली. सृष्टीच्याच गल्लीतली. आधी दोन गर्भपात झालेले, आता तिसरा महिना. रक्त आठ पॉइंट दोन. बोलता बोलता ती बेंबीशी हात दाबत होती. पोटात कळ येते म्हणाली, आणि चार-चार दिवस पोट साफ होत नाही.

ती गेल्यावर सिस्टरनी दार लोटून घेतलं. "सृष्टीही हेच म्हणते. बेंबीशी कळ आणि बद्धकोष्ठ. दोघींना सारखंच कसं?"

"लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं. नेहमीचंच आहे."

"पूनमला पहिली गोळी आज दिलीत तुम्ही. तिची कळ गेल्या दिवाळीनंतरची आहे."

बाहेर पस्तीस बायका बसल्या होत्या. "पाहू," म्हटलं. हा शब्द मी तेव्हा फार वापरत असे.

सिस्टरनी पाहायला सुरुवातही केली. पुढचे दहा-बारा दिवस दुपारच्या फेरीत त्या त्याच गल्लीत जात राहिल्या. एकतीस खोल्या, एक नळ. नळाचं पाणी सगळेच पितात, तेव्हा पाणी नव्हे. बहुतेक जण तांदूळ-पीठ एकाच दुकानातून आणतात, तेव्हा धान्य नव्हे. फिकट चेहऱ्याची माणसं त्यांना सात सापडली. त्यात पुरुषही होते, म्हणजे हे गरोदरपणाचं दुखणं नव्हतं. सृष्टीचा नवरा तेजस हा धडधाकट गडी दोन मजले चढून धापा टाकत होता. या सातांपैकी सहा जण गोदाबाईंच्या खानावळीत कामाला होते, नाहीतर दोन्ही वेळ तिथं जेवत होते. सातवी वेगळ्याच कारणानं आजारी होती, ते नंतर कळलं.

गोदाबाई म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागं वाशिमहून आल्या. नवरा गेला, तेव्हा पदरात दोन मुली. चार पोरांचे डबे करता करता खानावळ उभी राहिली. आयटी पार्कमधली, कारखान्यांतली साठेक पोरं रोज त्यांच्याकडे जेवायची. घरचा स्वाद लागतो म्हणून अकोला-यवतमाळची पोरं लांबून यायची. सृष्टी आणि पूनम तिथं पोळ्या लाटायच्या.

"मी उद्या तिथं जेवायला जातेय," सिस्टर म्हणाल्या.

"कशाला?"

"भूक लागते म्हणून."

त्या गेल्या. भाकरी, अंबाडीची भाजी आणि बेसनाचे गोळे सोडलेली आंबट कढी असं जेवण होतं. स्वयंपाकघर त्यांच्या स्वतःच्या घराहून स्वच्छ होतं, असं त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं. काम करणाऱ्या बायका शेवटी बसायच्या आणि उरलेली कढी वाटीनं प्यायच्या. सिस्टरनी गोदाबाईंना विचारलं, "कढी छान झालीये. कशात करता?"

"गंजात करतो," गोदाबाई म्हणाल्या.

सिस्टर चमकल्या. त्यांनी विषय बदलला, पैसे ठेवले आणि सरळ दवाखान्यात आल्या. डायरीत त्यांनी तो शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"गंजक्या भांड्यात कढी करतात," त्या मला म्हणाल्या. "बाई स्वतः सांगते, लपवतही नाही. पण मॅडम, गंज म्हणजे लोखंडच ना? मग यांच्या पोटात लोह जास्त जायला हवं. रक्त वाढायला हवं. हे उलटं कसं?"

मीही विचारात पडले. मीही पुण्याचीच. आम्ही दोघी गंभीर चेहऱ्यानं गंजातल्या लोहावर बोलत होतो आणि कोपऱ्यात बसून आमची आशा कार्यकर्ती श्रद्धा लसीकरणाचा तक्ता भरत होती. ती यवतमाळची. ती आधी गालात हसली, मग तिला हसू आवरेना.

"अवो सिस्टर, गंज म्हणजे पातेलं. आमच्याकडं मोठ्या खोल पातेल्याला गंज म्हणतात. तुम्ही त्या बाईच्या चकचकीत भांड्याला गंज चढवला की."

सिस्टरनी डायरी मिटली. "तू चार वर्षं इथं आहेस. हा शब्द कधी का नाही वापरलास?"

"तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला आलाच नाहीत," श्रद्धा म्हणाली.

सिस्टर नुसत्या हसल्या, त्यांना ते लागलं असावं. पण डोकं तिथंच अडकलं होतं. 'चकचकीत' हा श्रद्धाचा शब्द त्यांनी उचलला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्या पुन्हा खानावळीत गेल्या. चार मोठे पितळी गंज चुलीमागं पालथे घातले होते. गोदाबाईंच्या आईचे. गावाहून एसटीच्या टपावरून आणलेले. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई करावी लागते, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. गोदाबाई त्या बाबतीत काटेकोर होत्या. इतर घरी वर्षाकाठी एकदा कल्हई होत असेल, त्या दर दोन महिन्यांनी करून घ्यायच्या. मागच्या दिवाळीपासून तर कल्हई आणखी छान उजळ येते, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. सकाळी केलेली कढी संध्याकाळपर्यंत त्याच गंजात असायची.

मागची दिवाळी म्हटल्यावर सिस्टरनी एक विचित्र गोष्ट केली. डायरीचं कोरं पान फाडलं आणि गंजाच्या आतून घासलं. पानावर शिसपेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ उठली. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या कल्हईच्या पातेल्यावर दुसरं पान घासलं. त्यावर जवळपास काही उमटलं नाही. दोन्ही कागद त्यांनी सकाळी माझ्या टेबलावर ठेवले.

"कल्हई कथिलाची असते," त्या म्हणाल्या. "कथील असं रेघ मारत नाही. शिसं मारतं. म्हणजे, मला असं वाटतं. मी नर्स आहे, धातूंचं मला काही कळत नाही."

मी ते कागद हातात धरून बसले. शिसं म्हटल्यावर कॉलेजमधलं एक पान डोळ्यांसमोर आलं. शिशाची विषबाधा: लोहानं न सुधारणारा रक्तक्षय, बेंबीशी कळ, बद्धकोष्ठ, गर्भपात. परीक्षेत पाच मार्कांना यायचं ते. खरा रुग्ण मी कधी पाहिला नव्हता, म्हणून ओळखलाही नव्हता.

"तेजसला बोलवा," मी म्हणाले.

तो संध्याकाळी कामावरून आला. मी त्याचा खालचा ओठ दुमडून टॉर्चनं हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठानं, निळसर काळी बारीक रेघ होती. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या.

"हीच का ती?"

"हीच. पुस्तकात असते तशीच."

"मग पंधरा दिवसांपूर्वी मी विचारलं तेव्हा..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. पुण्यातली माणसं अशी वाक्यं सहसा पुरी करतात. त्यांनी पुरं केलं नाही, म्हणून ते मला जास्त बोचलं.

रक्तातलं शिसं मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. माझा वर्गमित्र आमोद एका मेडिकल कॉलेजात शिकवतो, त्याच्या ओळखीनं पाच नमुने पाठवले. उत्तर यायला नऊ दिवस लागणार होते. तोवर त्या पाचही जणांना खानावळीतलं काहीही खाऊ नका म्हणून सांगितलं. सृष्टीनं लगेच ऐकलं. पूनमनं मान हलवली.

सहाव्या दिवशी पूनमचा गर्भ पडला. तिसऱ्यांदा. सिस्टर दवाखान्यातून तशाच तिच्याकडे गेल्या आणि अंधार पडेपर्यंत तिथं बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं. मीही विचारलं नाही. खूप दिवसांनी श्रद्धाकडून कळलं की पूनम एवढंच म्हणाली होती, "सिस्टर, मी घरी भाजी करायचे, पण कढी तिथलीच प्यायचे. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटलं."

रिपोर्ट आले. हा आकडा पाचच्या आत असावा लागतो. सृष्टीचा एकतीस. पूनमचा छत्तीस. तेजसचा सत्तेचाळीस.

आता खानावळीचं काय करायचं? नियमानं मी वर कळवायला हवं होतं आणि मी कळवलंही. पण पत्र फिरून माणूस येईपर्यंत किती कढी शिजेल, हा सिस्टरचा प्रश्न होता. "इन्स्पेक्टर गेला तर बाई दार लावून घेईल. गंज माळ्यावर जातील आणि तो परत गेला की पुन्हा खाली येतील. मी आधी जाते."

मीही बरोबर गेले. दुपारचं जेवण आटोपलं होतं. श्रद्धा होतीच. सिस्टरनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. गोदाबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. मग त्यांनी परात बाजूला सारली.

"म्हंजे मी काय पोरायले जहर खाऊ घालून राहिली का?"

"असं मी म्हणाले नाही."

"मंग काय म्हनता? माह्या मायचे गंज हायेत ते. तिनं त्याच्यात रांधलं, तिच्या मायनं रांधलं. आम्ही समदे मेलो का?"

"गंजात दोष नाही, गोदाबाई. आईच्या वेळच्या कल्हईतही नव्हता. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून जी कल्हई होते तिच्यात आहे."

"जा तुमी," गोदाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्सं झाली मले इथं. कोनाचं पोट दुखलं नाही. आता निंगा."

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी मी म्हणाले, "हे फिसकटलं."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "ज्याला काही वाटत नाही, तो माणूस चहा विचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर गोदाबाई आणि त्यांच्या मांडीवर सगळ्यात मोठा गंज. रात्रभर त्यांनी दोन्ही मुलींशी फोनवर भांडण केलं होतं म्हणे. धाकटी मुलगी सासरी, तिचा गर्भ त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पडला होता. त्याआधी, मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून, ती चार महिने माहेरी राहून जेवली होती.

"माह्यं रक्त काढा," त्या म्हणाल्या. "आन् हा गंज ठेवून घ्या. तपासा. खोटं निंगालं तर मी तुमाले सोडनार नाही."

खोटं निघालं नाही. त्यांचा आकडा अठ्ठावन्न आला. सगळ्यांत जास्त कढी त्याच चाखायच्या. गंजाच्या आतला खरवडलेला थर आमोदनं तपासून आणला, त्यात निम्म्याहून जास्त शिसं होतं. रिपोर्ट सिस्टरनी त्यांना वाचून दाखवला. गोदाबाईंनी रिपोर्टचा कागद उलटा करून ठेवला.

"दर दोन महिन्यानं कल्हई करत जा, असं माय सांगायची. मी तेच केलं. नसती केली तर बरं झालं असतं का?"

"या कल्हईपुरतं, हो," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. मग म्हणाल्या, "पण तुमच्या आईचं म्हणणं चुकलेलं नाही."

त्या दिवसापासून खानावळीत स्टीलची पातेली आली. गोदाबाईंनी दारात स्वतःच्या हातानं पाटी लावली, की आमच्या भांड्यात दोष सापडला आहे, गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून इथं जेवलेल्यांनी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावं. अशी पाटी लावा, असं आम्ही कुणीही सांगितलं नव्हतं. वीसेक पोरं जेवायची बंद झाली. उरलेली रांग लावून दवाखान्यात आली. बहुतेकांचे आकडे थोडेच वाढलेले होते. तेजस आणि गोदाबाईंना मात्र मोठ्या इस्पितळात ठेवून शिसं शरीराबाहेर काढणारी औषधं द्यावी लागली.

आता कल्हई कुणी केली होती, तो माणूस शोधायचा. त्याचं नाव महिपती. हडपसरच्या पलीकडच्या एका गावात राहणारा, साठी उलटलेला. सायकलवर भाता आणि कोळसे घेऊन फिरायचा. सिस्टर नि मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो अंगणात पोट धरून बसला होता. सहा महिने अॅसिडिटीचं गुलाबी औषध पीत होता. चहाचा कप उचलताना त्याचं मनगट लटकं पडत होतं.

"कथील कुठून घेता?" सिस्टरनी विचारलं.

"म्होरं एका दुकानातून घ्यायचो बाई. दुकान बंद झालं. मागल्या वर्साच्या दिवाळीला भंगारवाल्याकडं मिळालं. टीव्ही, कंप्युटर मोडत्यात, त्यातलं डाग द्यायचं कथील वितळवून कांड्या करत्यात. लई चांगलं पसरतं. चमक बी हाय." त्यानं उठून दोन कांड्या आणल्या. "ह्यात काय हाय, मला न्हाई ठावं. कुनी सांगितलंच न्हाई."

सिस्टरनी डायरीचं पान घासलं. रेघ उठली. त्यांनी तो कागद त्याला दाखवला आणि रेघेचा अर्थ सांगितला: डाग द्यायच्या कथिलात शिसं मिसळलेलं असतं. त्यानं दुसऱ्या कांडीनं स्वतः रेघ ओढून पाहिली. मग म्हणाला, "भट्टीचा धूर मी नाकातोंडात घेतो. माझ्यात किती आसंल?"

त्याच्यात बहात्तर होतं. इतके दिवस आम्ही ज्याला शोधत होतो, तो आमचा सगळ्यात मोठा रुग्ण निघाला.

इथून पुढचं काम फक्त सिस्टरचं आहे. त्यांनी महिपतीला विचारलं, दिवाळीपासून कुणाकुणाकडे कल्हई केली. त्याच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. त्याला घरं रस्त्यानं आठवायची: पिठाच्या गिरणीमागं दोन, मारुतीच्या पाराजवळ एक, जिचा पोपट बोलतो ती म्हातारी. इस्पितळातल्या खाटेवर बसून तो डोळे मिटून सायकल चालवायचा आणि सिस्टर लिहायच्या. घरं भरली त्रेचाळीस. तीन आठवडे त्या दारोदार हिंडल्या, रविवारीसुद्धा. काहींनी भांडी काढून दिली. काहींनी दारातून वाटेला लावलं. एका बंगल्यातल्या गृहस्थांनी, "आपण नक्की कुठल्या खात्याच्या?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चौकशी." पोपटवाल्या म्हातारीनं मात्र त्यांना दोन तास बसवून घेतलं, तिच्या पातेल्यात फक्त पोपटाच्या आंघोळीचं पाणी तापायचं.

त्रेचाळीस घरांत आणखी अकरा आजारी माणसं सापडली. त्यांत तीन गरोदर बायका होत्या आणि एक चार वर्षांचा मुलगा, जो बोलायचा थांबला होता. तो आता बोलतो, जरा उशिरा आणि अडखळत. तो पूर्ण सुधारेल का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

सृष्टीचा आकडा महिन्यागणिक उतरत गेला. लोह आता लागू पडू लागलं. नवव्या महिन्यात रक्त दहा पॉइंट एक झालं. फेब्रुवारीत प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅमची. बाळाच्या नाळेतलं रक्त तपासलं तर शिसं थोडंसं होतं, काळजी करण्याइतकं नव्हतं. मुलगी चौदाव्या महिन्यात चालली. ते मी लसीकरणाच्या खोलीत स्वतः पाहिलं. ती सिस्टरकडे नव्हे, वजनकाट्याकडे चालत गेली.

या सगळ्यात मी काय शिकले, ते लिहिणं मला जड जातं. पूनमचा गर्भ गेला तेव्हा सिस्टरच्या पहिल्या प्रश्नाला तीन आठवडे उलटून गेले होते. त्याच बुधवारी मी पुस्तक उघडलं असतं, तर कदाचित फरक पडला असता. कदाचित नसताही, शिसं आधीपासून अंगात मुरलेलं होतं. मी हे एकदा बसमध्ये सिस्टरना बोलून दाखवलं. वाटलं, त्या धीर देतील. त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "हे पूनमला सांगितलंत?"

मी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी जाऊन सांगितलं. पूनमनं ऐकून घेतलं, चहा केला, आणि विचारलं, "मग आधीचे दोन? तेही त्याच्यामुळंच?" पहिला गर्भ दिवाळीच्या आधी पडला होता, म्हणजे त्याचं कारण वेगळं असणार. दुसरा त्यामुळं असू शकतो. मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "कुणी आधी असं सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, तुझ्याच अंगात दोष आहे."

तिच्या नवऱ्यानं त्यानंतर तिला वर्षभरासाठी गावी नेलं. आता ती आमच्याकडे परत येईल, असं मला वाटलं नव्हतं. दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात, बुधवारच्या रांगेत, ती बसलेली दिसली. दुसरा महिना. रक्तातलं शिसं आठवर आलेलं, हिमोग्लोबिन अकराला टेकलेलं. सिस्टरनी तिला बाजूला बसवून पाऊण तास प्रश्न विचारले. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. कुणी काही म्हटलं की सिस्टर म्हणायच्या, "तुमच्याही वेळेला एवढाच वेळ लागेल. घाई असेल तर आत्ताच सांगा."

मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी गोदाबाईंनी स्टीलच्या पातेल्यात कढी करून पाठवली होती. सिस्टरनी दोन वाट्या घेतल्या आणि म्हणाल्या, गंजातली जास्त चांगली लागत होती. हे त्यांनी गोदाबाईंच्या तोंडावर सांगितलं. गोदाबाई म्हणाल्या, "लागनारच ना बाई. आता खऱ्या कथिलाची कल्हई करनारा पाहून देता का?" पुढं तोही सापडला, पण ते काम महिपतीनं करून दिलं. स्वतः त्यानं भाता विकून टाकला होता.

पूनमची प्रसूती जूनमध्ये झाली. सिस्टर तेव्हा नोकरीत नव्हत्या. नारायण पेठेतून बसनं आल्या आणि इतर नातेवाइकांसारख्या बाकड्यावर बसल्या. ड्यूटीवरच्या तरुण नर्सला त्या इतके प्रश्न विचारायला लागल्या की तिनं त्यांना दोनदा हात जोडून गप्प बसायची विनंती केली. तिला त्या कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दुपारी साडेतीनला मुलगा झाला. दोन किलो आठशे. नर्सनं बाहेर येऊन विचारलं, पूनमचं कोण आहे? नवरा चहा आणायला खाली गेला होता. श्यामला सिस्टर उठल्या, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि बाळ घ्यायला पुढं झाल्या.